घराचा नकाशा काढताना भाराचा रस्ता कसा आखावा

घराचा नकाशा बहुतेक वेळा खोल्यांपासून सुरू होतो. हॉल कुठे, स्वयंपाकघर कोणत्या दिशेला, वरच्या मजल्यावर गॅलरी किती मोठी, हे सगळे पक्के झाल्यावर तो कागद 'फक्त कॉलम टाकून' घेण्यासाठी आरसीसी (लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) कन्सल्टंटकडे जातो. हा क्रम सोयीचा वाटला तरी महागात पडतो, कारण नकाशाच्या पहिल्या रेषेपासूनच घराचे वजन कोणत्या वाटेने जमिनीत उतरणार हे ठरत असते. पुढील विवेचनात तळमजला अधिक एक मजला असे आरसीसी चौकटीचे साधे घर गृहीत धरले आहे. अंतिम डिझाइन व सही परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचीच हवी. परंतु घरमालकाला किंवा वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला योग्य प्रश्न विचारता यावेत आणि नकाशातील ढोबळ चुका आधीच पकडता याव्यात, यासाठी ही पद्धत उपयोगी पडते.

प्रथम तळमजल्याच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून वरच्या मजल्याच्या भिंती गिरवाव्यात. ज्या भिंती एकमेकींवर येत नाहीत, तेथे लाल पेन्सिलीने खूण करावी. वरच्या भिंतीखाली बीम (आडवी तुळई) नसेल तर तिचा भार स्लॅबवर पडतो, आणि बीम असूनही त्याच्या दोन्ही टोकांना कॉलम नसेल तर तो भार दुसऱ्या बीमच्या पोटात शिरून मगच कॉलमपर्यंत पोहोचतो. असा प्रत्येक वळसा म्हणजे वाढीव लोखंड आणि बीमची वाढीव खोली (उभी जाडी). लाल खुणा कमी होईपर्यंत खोल्या इकडेतिकडे सरकवाव्यात. या टप्प्यावर भिंत सरकवायला खोडरबर पुरते. त्यानंतर कॉलम टाकावेत, तेही शक्यतो सरळ रांगांत आणि साधारण ३ ते ४.५ मीटर अंतरावर. वरच्या मजल्यावर सुरू होऊन खाली बीमवरच संपणारा तरंगता कॉलम सुचवला गेला, तर तो कशासाठी हवा आहे हे विचारावे. बहुतेक वेळा उत्तर 'एलिव्हेशनसाठी', म्हणजे घराच्या दर्शनी रूपासाठी, असे येते, आणि ते पुरेसे कारण नाही.

कॉलम भिंतीत लपावा म्हणून नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटर जाडीचा ठेवण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. भूकंपाच्या दृष्टीने लवचीक आरसीसी बांधकामासाठी असलेल्या आयएस १३९२० या भारतीय मानकाची २०१६ ची आवृत्ती मात्र कॉलमची कोणतीही बाजू किमान ३०० मिलिमीटर मागते. भिंतीबाहेर दोन-अडीच इंचांचा कोपरा दिसेल. त्याला कपाटाची किंवा खिडकीच्या कोनाड्याची जोड देता येते. शिवाय सगळ्या कॉलमांच्या लांब बाजू एकाच दिशेला ठेवू नयेत, नाही तर घर एका दिशेने ताठ आणि दुसऱ्या दिशेने लेचेपेचे होते.

आता वजनाचा हिशेब. हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने केल्याशिवाय रचनेचा अंदाज येत नाही. ४ मीटर बाय ३.५ मीटरच्या चौकोनांत कॉलम आहेत असे धरल्यास मधल्या कॉलमवर सभोवतालच्या चार चौकोनांचा एकेक चतुर्थांश, म्हणजे एकूण १४ चौरस मीटर क्षेत्राचा भार येतो. आरसीसीचे वजन घनमीटरला २५०० किलो धरतात, म्हणून १२५ मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे ३१० किलो होते. फरशी व तिच्याखालचा मसाला यांचे १२० किलो, आणि माणसे, फर्निचर वगैरे हलत्या भारासाठी आयएस ८७५ या भारांच्या मानकाप्रमाणे निवासी खोल्यांना २०० किलो मिळवले की बेरीज ६३० होते. १४ चौरस मीटरला हे सुमारे ८.८ टन झाले. त्याच क्षेत्रातील साडेसात मीटर लांबीच्या बीमांचे आणखी १.४ टन धरावेत.

खरा धक्का भिंतींचा असतो. बीमखाली अडीच मीटर उंच, नऊ इंची विटांची आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली भिंत धावत्या मीटरला सुमारे १३०० किलो भरते; साडेसात मीटरला पावणेदहा टन. याचा अर्थ असा की त्या मजल्यावरचा स्लॅब, फरशी, माणसे आणि सामान या सर्वांपेक्षा भिंतींचेच वजन जास्त आहे. तीच भिंत १५० मिलिमीटरच्या एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकची केली तर सव्वातीन टनांच्या आसपास काम भागते. आतल्या भिंती हलक्या ठेवण्याचा आग्रह मी धरतो तो याच आकड्यामुळे.

हा हिशेब आता खाली उतरवत न्यावा. गच्चीच्या स्लॅबवर भिंत नाही, पण ब्रिकबॅट कोबा (पाणी झिरपू नये म्हणून घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) आहे. तिथे बीमसह सुमारे १०.७ टन येतात. पहिल्या मजल्याचे भिंतींसह २० टन, प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरचा बीम) व त्यावरील तळमजल्याच्या भिंती यांचे ११.३ टन आणि कॉलमचे स्वतःचे अडीच टन धरले, की फूटिंगवर (कॉलमखालच्या पसरट पायावर) साडेचव्वेचाळीस टन पोहोचतात. फूटिंगच्या वजनासाठी दहा टक्के वाढवून ४९ टन घ्यावेत. खालचा मुरूम चौरस मीटरला २० टन पेलणारा असेल, तर ४९ भागिले २० म्हणजे जवळजवळ अडीच चौरस मीटरचे, सुमारे १.६ मीटर बाजूचे चौरस फूटिंग लागते. जमीन १० टनांचीच असेल तर हीच बाजू २.२ मीटर होते. शेजाऱ्याच्या फूटिंगचा आकार आपल्याला का चालत नाही, ते यावरून कळते. हे भार प्रत्यक्षातले आहेत. काँक्रीटची ताकद ठरवताना इंजिनिअर त्यांना १.५ ने गुणतात.

जमिनीचा आकडा अंदाजाने घेऊ नये. दख्खनच्या काळ्या मातीत हे विशेष महत्त्वाचे आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावर उथळ बसवलेला पाया दरवर्षी वर-खाली होत राहतो. खोदाई काळ्या थराच्या पार मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावी. थर फारच खोल असेल तर तळाशी फुगवटा असलेल्या अंडर-रीम्ड पाइल्सचा (जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांचा) विचार करावा. प्लॉटच्या एका कोपऱ्यात मुरूम लागला म्हणून दुसऱ्या कोपऱ्यातही तेवढ्याच खोलीवर लागेल असे मानू नये. एकाच घराचे निम्मे फूटिंग मुरमावर आणि निम्मे भरावावर बसले, तर भिंतीत तिरकी भेग ठरलेलीच.

बीम आणि स्लॅब यांच्याबाबत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधला गाळा, थोडा वाढला तरी वाकणे खूप वाढते. दर मीटरचा भार तोच ठेवून गाळा दुप्पट केल्यास बीमचा मध्य सोळा पट खाली येतो. उलट बीमची खोली वाढवण्याचा फायदाही तसाच मोठा असतो. २३० बाय ४५० चा बीम आडवा टाकण्याऐवजी उभा टाकला, तर तेवढ्याच काँक्रीटमध्ये जवळजवळ चौपट ताठपणा मिळतो. घरगुती कामात बीमची एकूण खोली गाळ्याच्या दहाव्या ते बाराव्या भागाइतकी धरून सुरुवात करता येते. मधला कॉलम काढून हॉल सात मीटर मोकळा हवा असेल, तर छताखाली दोन फूट खोल बीम दिसेल हे आधीच मान्य करावे.

गॅलरीकडे मी सर्वाधिक वेळ देण्याचा सल्ला देईन, कारण दोन टोकांवर टेकलेल्या स्लॅबमध्ये ताण खालच्या अंगाला असतो, तर बाहेर झुकलेल्या गॅलरीत तो वरच्या अंगाला येतो. मुख्य सळ्या त्यामुळे वर हव्यात. समजा, गॅलरी १.२ मीटर बाहेर आहे. आयएस ८७५ निवासी गॅलरीसाठी चौरस मीटरला ३०० किलो हलता भार सांगते; गॅलरी माणसांनी तशी भरली तर आधाराशी मीटर रुंदीमागे सुमारे २१६ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर) इतकी वाकवणारी क्रिया होते. आणि टोकावर एक मीटर उंच, चार इंची विटांची, प्लास्टर केलेली कठडा-भिंत उभी केली, तर एकट्या तिच्यामुळे सव्वातीनशेच्या आसपास. पाहुण्यांच्या गर्दीपेक्षा रोज तिथे उभा असलेला कठडाच जड पडतो. लोखंडी रेलिंग घेतले की हा बोजा जवळजवळ नाहीसा होतो.

याच सळ्यांचा घात होतो तो काँक्रीट ओतताना. पाट्या वाहणारे मजूर जाळीवरून चालतात, वरच्या सळ्या खाली दबतात आणि १०० मिलिमीटरची उपयुक्त खोली (स्लॅबच्या तळापासून वरच्या सळ्यांपर्यंतचे अंतर) ६० वर येते. ताकद जवळपास चाळीस टक्क्यांनी घटते आणि वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून सळ्यांखाली पुरेशा चेअर (सळ्या उचलून धरणारे लोखंडी टेकू) बांधून घ्याव्यात, चालण्यासाठी फळ्या टाकाव्यात आणि त्याच सळ्या खोलीच्या आत गॅलरीच्या लांबीच्या किमान दीडपट गेल्या आहेत का, हे टेपने मोजावे. टेकू काढतानाही मोकळ्या टोकापासून सुरुवात करून आधाराकडे यावे.

आडव्या धक्क्याचा विचार घरमालक क्वचितच करतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर आरपार दगडांनी सांधलेले नव्हते, आणि त्यांवर मातीची जड छते होती. थर सुटले, छते खाली आली. पुढे २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादमधील काही इमारती कोसळल्या, त्यांत खाली पार्किंगसाठी मोकळा मजला आणि वर भिंतींनी भरलेले मजले ही मांडणी वारंवार आढळली. आपल्या घराखाली गाड्या ठेवायच्या असतील, तर निदान जिन्याभोवतीच्या व मागच्या बाजूच्या भिंती जमिनीपर्यंत सलग ठेवाव्यात आणि त्या मजल्याचे कॉलम त्या हिशेबाने मोठे आहेत का, हे इंजिनिअरला विचारावे. कॉलमच्या उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगांच्या कड्या (टोके) १३५ अंशांत आत वळवलेल्या हव्यात. काटकोनात वळवलेल्या कड्या जोराच्या हादऱ्यात उघडतात. फिटरला हे काम जिकिरीचे वाटते, त्यामुळे सळ्या बांधून झाल्यावर नव्हे तर पहिला कॉलम बांधतानाच उभे राहून पाहावे.

साइटवरचे उरलेले मुद्दे थोडक्यात सांगण्याजोगे आहेत. आरसीसीसाठी एम २० ही काँक्रीटच्या ताकदीची किमान प्रत आहे, पाऊस लागणाऱ्या भागांना एम २५ घ्यावी, आणि कोकण-गोव्यात खाऱ्या वाऱ्याला उघड्या असलेल्या भागांना आयएस ४५६ प्रमाणे एम ३० व ४५ मिलिमीटर कव्हर (सळीवरचा काँक्रीटचा थर) लागते. एम २५ च्या मिश्रणात सिमेंटच्या एका गोणीला, वाळूतला ओलावा धरून, २५ लिटरपेक्षा जास्त पाणी जाऊ देऊ नये. पीपीसी (पोझोलाना मिसळलेले) सिमेंट वापरल्यास किमान दहा दिवस सतत पाणी मारावे.

फूटिंग भरून झाल्यावर माती लोटण्यापूर्वी प्रत्येक खड्ड्याचे मोजपट्टीसह छायाचित्र काढावे आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंगच्या प्रतीसोबत घराच्या कागदपत्रांत ठेवावे. दहा-पंधरा वर्षांनी मुलांना वर आणखी एक मजला चढवायचा असेल, तेव्हा जुना पाया तो पेलेल की नाही, हे याच कागदांवरून ठरते.