पशुवैद्यकाविरुद्ध तक्रार करताय? आधी या चुका टाळा

आमची कुत्री राणी गेली त्या संध्याकाळी आम्ही तिला घरामागच्या आंब्याखाली पुरलं आणि रात्री मी तक्रार लिहायला बसले. अकरा पानं झाली. मुख्यमंत्री, जिल्हाधिकारी, पोलीस ठाणं, दोन प्राणिमित्र संस्था, सगळ्यांना तेच पत्र धाडलं. पुढे काहीच झालं नाही. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांना अशा तक्रारी लिहायला मदत केली. मी केलेल्या चुकाच सगळीकडे दिसतात, म्हणून हे लिहितेय.

केसपेपर न घेता दवाखान्यातून निघणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. राणी सात वर्षांची. माजावर येऊन गेल्याला महिना झाला होता. खाणं सुटलं, उलट्या सुरू झाल्या, पाणी मात्र भांडंच्या भांडं पीत होती. डॉक्टरांनी पोट बिघडलंय म्हणून तीन दिवस इंजेक्शनं आणि सलाईन दिलं. चौथ्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात सोनोग्राफी केली तेव्हा गर्भाशय पुवानं भरलेलं निघालं, पायोमेट्रा. ऑपरेशन टेबलावरच ती गेली.

ती फार पाणी पितेय हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डॉक्टर म्हणतात, सांगितलं नव्हतं. माज, तहान आणि उलट्या या तिन्ही गोष्टी एकत्र कानावर पडल्या असत्या तर सोनोग्राफी करायला हवी होती की नाही, हाच सगळ्या तक्रारीचा गाभा होता. आणि माझ्याकडे काय होतं, तर तीन औषधांची नावं लिहिलेली एक चिठ्ठी. तिच्यावर तारीखसुद्धा नव्हती. पैसे रोख दिलेले, पावती मागितलेली नाही.

म्हणून पहिल्या भेटीपासून केसपेपर मागा. लक्षणं, वजन, ताप, दिलेलं औषध आणि त्याची मात्रा हे त्यावर लिहिलेलं हवं. ऑपरेशन असेल तर संमतीपत्राची प्रत, भूल देण्याआधी केलेल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आणि एक्स-रे घ्या. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर पुस्तिकेत लावून घ्या. पैसे यूपीआयनं द्या, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. कागद नंतर मागायचे असतील तर त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर लेखी मागा. भांडण पेटल्यावर दवाखाना कागद देईलच याची खात्री नसते. पण तुम्ही लेखी मागितले होते, हाही पुरावाच आहे.

शवविच्छेदन न करणं

त्या क्षणी हा शब्द तोंडातून निघत नाही, मला माहीत आहे. तरीही मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल तर दुसरा भक्कम पुरावा मिळणं अवघड. उपचार करणाऱ्या दवाखान्यात ते करून घेऊ नका. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. त्यांना किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच फोन करा. तोवर शरीर बर्फाच्या पिशव्यांमध्ये थंड ठेवा, डीप फ्रीझरमध्ये मात्र गोठवू नका. गोठलं की पेशी फुटतात आणि तपासणी करणाऱ्याला नीट काही दिसत नाही. होईल तितकं लवकर न्या, दुसऱ्या दिवसापलीकडे लांबवू नका.

एकच पत्र सगळ्यांना पाठवणं

माझी अकरा पानं इथेच वाया गेली. तक्रार लिहिण्याआधी स्वतःला विचारा, आपल्याला हवंय काय?

डॉक्टरच्या वागणुकीची चौकशी हवी असेल तर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद, नागपूर. माणसांच्या डॉक्टरांची मेडिकल कौन्सिल वेगळी, तिथे पाठवलेलं पत्र फुकट जातं. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम 1984 नुसार राज्य परिषद पशुवैद्यकांची नोंदणी ठेवते, आणि व्यावसायिक वर्तनाचे नियम 1992 पासून ठरलेले आहेत. परिषद डॉक्टरचं लेखी म्हणणं मागवते, कागद बघते, दोन्ही बाजू ऐकते. तिचं सर्वांत कडक पाऊल म्हणजे नोंदवहीतून नाव काढणं. ती तुम्हाला एक रुपयाही मिळवून देत नाही. निम्म्या लोकांची निराशा इथूनच सुरू होते.

पैसे परत किंवा भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. जिल्हा, राज्य की राष्ट्रीय, कुठल्या आयोगाकडे जायचं हे दवाखान्याला दिलेल्या रकमेवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा, काही वेळा दवाखाना तिथेच तडजोडीला येतो. पूर्णपणे मोफत उपचार मात्र ग्राहक कायद्यात बसत नाहीत. सरकारी दवाखान्याबद्दल पशुसंवर्धन खात्याच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या.

पोलिसांकडे जायचं ते मारहाण, उपासमार अशा क्रूरतेसाठी. चुकलेलं निदान म्हणजे क्रूरता नव्हे. जनावर मारणं किंवा जायबंदी करणं हा गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्येही नुकसान करण्याचा हेतू किंवा त्याची जाणीव दाखवावी लागते.

आणि समोरचा माणूस डॉक्टर आहे का, तेही तपासा. पेटशॉपवाला, ब्रीडर, ग्रूमर सर्रास इंजेक्शनं टोचतात. नोंदणी नसलेल्यानं उपचार करणं हा कायद्याचा भंग आहे. दवाखान्यातल्या पाटीवर किंवा चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक शोधा, आणि तो परिषदेकडून पडताळून घ्या.

परिषदेच्या निकालाची वाट बघत बसणं

ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. परिषदेत प्रकरण चालू आहे म्हणून ती थांबत नाही. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं. माझ्या ओळखीच्या एका काकांची मांजर नसबंदीनंतर गेली. त्यांचे कागद माझ्यापेक्षा कितीतरी चांगले होते, पण परिषदेच्या पत्राची वाट पाहता पाहता मुदत टळली.

वाईट झालं म्हणजे हलगर्जीपणा झाला, असं धरून चालणं

हे लिहिताना मला जड जातं. जनावर दगावलं एवढ्यानं हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. त्या जागी सर्वसाधारण कुशल पशुवैद्यकानं जे केलं असतं ते झालं का, असा प्रश्न विचारला जातो. पायोमेट्रात स्राव बाहेर येत नसेल तर हा आजार ओळखणं अवघड जातं, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. त्यामुळे सगळे कागद घेऊन दुसऱ्या पशुवैद्यकाकडे जा आणि मत लेखी मागा. तोंडी सगळेच बोलतात, सही करायला फार थोडे तयार होतात. जो करेल त्याचं मत तक्रारीला जोडा.

तक्रार एका पानात बसवा. डावीकडे तारीख-वेळ, उजवीकडे घटना: ‘मंगळवार, सकाळी 10, उलट्या आणि जास्त तहान सांगितली, रक्त तपासलं नाही.’ प्रत्येक ओळीसमोर जोडलेल्या कागदाचा क्रमांक. ‘कसाई’, ‘खुनी’ हे शब्द काढून टाका. ते गुगल रिव्ह्यूतही नकोत, बदनामीची नोटीस आली की आपली तक्रार बाजूला राहते आणि आपणच खुलासे देत बसतो.

पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, पोच जपून ठेवा, आवक क्रमांक मागा. काही महिने उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात अर्ज करा: माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर आजवर काय कार्यवाही झाली? दहा रुपये शुल्क, महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर, उत्तराची मुदत तीस दिवस. अडकलेली फाईल या अर्जानं हललेली मी दोनदा पाहिली आहे.