डोळ्याचा नमुना लॅबला पाठवण्याआधी

उद्याच्या ओटी (ऑपरेशन थिएटर) लिस्टवर डोळ्याची बायोप्सी असेल, तर तयारी आज संध्याकाळीच करा. तुकडा कधी कधी तांदळाच्या दाण्याएवढाच निघतो आणि तो दुसऱ्यांदा मागता येत नाही.

आधी बाटल्या. रुंद तोंडाच्या हव्यात, 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनने (तुकडा टिकवून ठेवणाऱ्या द्रवाने) भरलेल्या, तुकड्याच्या निदान 10 पट. लेबल बाटलीच्या अंगावर लावा. झाकणावर लावलं तर झाकणांबरोबर रुग्णही बदलतात. ‘उजवा’ की ‘डावा’ ते पूर्ण शब्दांत लिहा. फॉर्मवर नुसतं ‘गाठ’ लिहून भागत नाही. वय, त्रास किती दिवसांचा, आधीची ऑपरेशनं, जुनी इजा, स्टिरॉइड किंवा केमो चालू होती का, हे सगळं हवं.

कंजंक्टायव्हाचा (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाचा) पापुद्रा फॉर्मलिनमध्ये पडला की त्याची गुंडाळी होते. म्हणून फिल्टर पेपरचे चौकोन कापून ठेवा, पापुद्रा त्यावर पसरा, थोडा चिकटू द्या, मग कागदासकट बाटलीत सोडा. गॉजवर कधीच नको.

जंतुसंसर्गाची शंका असेल तर निर्जंतुक सलाइनची वेगळी बाटली लागेल, कारण फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) होत नाही. कॉर्नियाच्या (डोळ्यापुढच्या पारदर्शक पडद्याच्या) तुकड्याचे दोन भाग करून दोन्ही बाटल्यांत पाठवा. 2021 मध्ये म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) लाटेत याची किंमत कळली: ताज्या तुकड्यावर केओएच (बुरशी दिसण्यासाठीचं पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) टाकून रुंद, फितीसारखे बुरशीचे धागे त्याच दिवशी दिसायचे. तुकडा थेट फॉर्मलिनमध्ये गेला की कल्चरची वाट बंद व्हायची.

उतारवयात पापणीवरची रांजणवाडी त्याच जागी पुन्हा पुन्हा होत असेल, तर काढलेला गर फेकू नका. त्यामागे सिबेशियस ग्रंथीचा कॅन्सर लपलेला असू शकतो. चरबीची तपासणी हवी असेल तर आधी फोन करा. नेहमीच्या प्रक्रियेतल्या अल्कोहोल-झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते.

सर्वांत जास्त जपायचा तो रेटिनोब्लास्टोमासाठी (लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्यातल्या कॅन्सरसाठी) काढलेला लहान मुलाचा डोळा. सर्जनना आधीच आठवण करा: ऑप्टिक नर्व्ह (डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस) 10 मिलिमीटर तरी हवी, 15 मिळाली तर फारच चांगलं. ती चिमट्यात दाबू नका, चेंगरलेल्या पेशी वाचता येत नाहीत. कापलेल्या टोकाला शाई लावा. ओटीत डोळा उघडायचा नाही, ‘आत काय आहे बघू’ म्हणूनही नाही. नर्व्हच्या टोकाचा काप आम्ही लॅबमध्ये डोळा उघडण्याआधी घेतो, कारण ट्यूमरचे कण भुसभुशीत असतात. पात्याला चिकटून ते नर्व्हवर आले तर नसलेला प्रसार दिसतो. सुईने आत फॉर्मलिनही सोडू नका, ते पांढऱ्या आवरणातून आपोआप मुरतं. जनुकीय तपासणीसाठी ताजा ट्यूमर हवा असेल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे डोळा ताजाच घ्यायला आमचं माणूस ओटीच्या दाराशी उभं राहील.

आईबापांना वेळेची कल्पना ऑपरेशनआधीच द्या. डोळा मुरायलाच 24 ते 48 तास जातात, पुढची कापाकाप आणि तपासणी त्यानंतरची. ट्यूमर नर्व्हच्या कापलेल्या टोकापर्यंत किंवा कोरॉइडमध्ये (डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या थरात) खोल गेलाय का, हे त्या रिपोर्टात असेल आणि केमो द्यायची की नाही ते त्यावरून ठरेल. रिपोर्ट कोणाला सांगायचा, त्याचा फोन नंबर फॉर्मवर ठळक लिहा.