ओल धरणाऱ्या भिंतीवर वॉलपेपर लावण्याआधी

जुन्या घरात पोपडे झाकायला वॉलपेपर लावला, तर पुढच्या श्रावणात तो कडांनी सुटतोच. आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं.

जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीचा सलग ओला पट्टा असेल तर ओल पायातून चढते आहे. खिडकीखाली डाग असेल तर छज्जा, चौकट नाहीतर बाहेरचा तडा. कपाटामागे काळे ठिपके दिसले तर बहुधा खोलीतली वाफ थंड भिंतीवर धरते आहे. शंका असल्यास दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने हवाबंद लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतून असतील तर ओल भिंतीतली, बाहेरून असतील तर हवेतली. ही परीक्षा ऑगस्टमध्येच घ्या; मे महिन्यात गळकी भिंतही कोरडी ठणठणीत दिसते. बाहेरची दुरुस्ती उन्हाळ्यात करून एक पावसाळा जाऊ द्या आणि कागद डिसेंबरात लावा. एवढी कळ काढणं जिवावर येतं, पण याला पर्याय नाही.

लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेले पांढरे क्षार, कोरड्या ब्रशनेच झाडायचा, खाली वर्तमानपत्र पसरून. ओल्या फडक्याने पुसला की क्षार विरघळून पुन्हा गिलाव्यात मुरतात आणि सुकताना पुट्टीला ढकलत वर येतात. मग भिंत ठोकून बघा. बद्द आवाज येईल तिथला गिलावा डागाच्या कडेपासून फूटभर पुढपर्यंत काढा. चुन्यात बांधलेल्या भिंतीला चुन्याचाच गिलावा द्या. सिमेंट मारलं तर कोंडलेली ओल वरच्या अंगाने बाहेर पडते. सिमेंटच्या भिंतीवर सिमेंट चालेल, पण सात दिवस पाणी मारून पुढे किमान चार आठवडे ती सुकू द्या.

बुरशीवर एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी. पंधरा मिनिटांनी पुसून घ्या. मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा आणि त्यात ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

ओला तळवा भिंतीवर घासा. हाताला पांढरं लागलं तर जुना डिस्टेंपर खरवडून काढावाच लागेल, कारण गोंद डिस्टेंपरला धरतो आणि डिस्टेंपर भिंतीला सोडतो. खड्डे सिमेंटवाल्या पुट्टीने दोन पातळ हातांत भरा, 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ पुसा, पाण्यातला प्रायमर द्या. ऑइल पेंटने ओल ‘बंद’ करू नका. महिन्याभरात फोड येतात.

कागद नॉन-वोव्हन, म्हणजे दाबून चिकटवलेल्या तंतूंचा घ्या; त्यातून वाफ आरपार जाते. एसीच्या खोलीत बाहेरच्या भिंतीला व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेला कागद नकोच: पावसाळ्यात बाहेरची दमट हवा भिंतीतून आत झिरपते, गार व्हिनाइलच्या पाठीवर तिचं पाणी होतं आणि गोंदावर बुरशी पोसते. त्या भिंतीला नुसता चुना द्या, कागद आतल्या भिंतीला लावा, आणि कपाट दोन्हीकडे भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा.