बगीच्यातले साप, कुत्रे आणि बंद दिवे: तक्रार कशी करावी, काय मागावं, काय मागू नये

नागपुरात बगीच्याबद्दलचा अर्ज बहुतेक वेळा असा असतो : ‘झुडपं वाढली आहेत, साप निघतात, कुत्र्यांचा त्रास आहे, दिवे बंद आहेत, तरी तात्काळ कार्यवाही करावी.’ त्या एका वाक्यात चार खात्यांची कामं असतात, म्हणून ते कोणाचंच होत नाही. आणि कार्यवाही झालीच तर सगळ्यात सोपी होते. कटर घेऊन माणसं येतात आणि बगीचा भादरून जातात. साप तिथंच राहतो, दिवे बंदच राहतात. जातात ते झुडपातले बुलबुल आणि सातभाई.

माणसांची सुरक्षितता आणि पाखरं-प्राणी यांचं खरं भांडण बगीच्यात फार थोड्या जागी असतं. बाकी ठिकाणी दोघांना त्रास देणारी गोष्ट एकच निघते : उघडं टाकलेलं अन्न, मलब्याचा ढीग, चुकीच्या जागी लावलेला दिवा, झाडात अडकलेला मांजा. ती गोष्ट शोधून काढायची आणि तेवढीच मागायची.

१. आधी फिरा, तेही वेगवेगळ्या वेळी

सकाळी फिरायला येणाऱ्याला रात्रीचा बगीचा माहीत नसतो. म्हणून एकदा सकाळी, एकदा भर दुपारी आणि एकदा दिवे लागल्यावर चक्कर मारा. कागदावर हातानंच नकाशा काढा : फाटक, पायवाट, खेळणी, ओपन जिम, पाण्याची टाकी, दिव्याचे खांब. खांबांवर क्रमांक असतील तर ते लिहून घ्या. नसतील तर स्वतः द्या आणि नकाशात दाखवा.

दुपारी लोखंडी घसरगुंडीला हात लावून बघा. २३ मे २०१३ ला या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तसल्या उन्हात उघड्यावरची पत्र्याची घसरगुंडी लेकराची कातडी भाजू शकते. झोपाळ्याची साखळी जिथं आकड्यात अडकते तिथं झिजली आहे का, बोल्ट बाहेर आलेत का, खाली वाळू आहे की घट्ट झालेला मुरूम, हे पाहा. खांबाच्या बुडाशी असलेलं झाकण उघडं आणि तारा बाहेर असतील तर ते काम पावसाळ्याआधीचं, सगळ्यात वर लिहायचं.

रात्री बघायचं ते इतकंच की बाकावरून फाटक दिसतं का. अंधाऱ्या कोपऱ्यात खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पन्न्या आणि बाटल्या कुठं पडल्यात ते टिपा. कोणत्या जागी लोक रात्री बसतात हे चौकीदारापेक्षा पन्न्या नेमकं सांगतात.

जमिनीकडंही लक्ष द्या. कुंपणाच्या भिंतीला लागून घुशींची बिळं, फुटक्या फरशांचा ढीग, कचऱ्याचा डबा भरून वाहणारा कोपरा, उंच फांदीला किंवा टाकीखाली लटकलेलं आग्या मोहोळ, हे सगळं नकाशावर यायला हवं.

२. बगीचा कोणाचा, ते विचारा

इथं अर्ध्या तक्रारी वाया जातात. काही बगीचे महानगरपालिकेचे आहेत, काही नागपूर सुधार प्रन्यासचे म्हणजे आपल्या एनआयटीचे, काही लेआउटमधल्या मोकळ्या जागा सोसायटीच सांभाळते. अंबाझरीचं जैवविविधता उद्यान वनविभागाचं, तर महाराजबाग कृषी विद्यापीठाची. फाटकावरची पाटी वाचा. पाटी नसेल तर माळ्याला विचारा की पगार कोण देतं. मनपाचा बगीचा असेल तर तुमच्या झोनच्या कार्यालयात आणि उद्यान विभागात, दोन्हीकडं प्रत द्या. बगीच्यावरून जाणारी महावितरणची तार लोंबकळत असेल तर १९१२ वर वेगळी तक्रार. उद्यान विभाग ती तार उचलत नाही.

३. झुडपं आणि दिवे : सगळं साफ करा म्हणू नका

भांडण होतं ते इथंच. बायकांना, मुलींना संध्याकाळी बगीच्यातून जाताना भीती वाटते ती झुडपाची नाही, झुडपाआड कोण आहे ते दिसत नाही याची. म्हणून मागणी नेमकी करा : पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर पट्ट्यात झुडपं गुडघ्याच्या वर नकोत, आणि वाटेवर येणाऱ्या झाडांच्या फांद्या सात फुटांच्या खाली नकोत. एवढ्यानं नजर मोकळी होते. वाट आणि खेळणी सोडून असलेला एखादा कोपरा मात्र दाट राहू द्या. तिथं मुंगूस राहील, पक्षी घरटी करतील. घाणेरी पसरली असेल तर ती खुशाल काढायला सांगा, ती आपली नाहीच आणि दुसऱ्या कशाला वाढूही देत नाही.

काटछाटीचा महिनाही अर्जात लिहा. आपल्याकडं उन्हाळ्यात बरेच पक्षी घरटी करतात आणि पावसाळ्यात बगळ्यांच्या वसाहती बसतात. नोव्हेंबर ते जानेवारी हा छाटणीचा बरा काळ. झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या महाराष्ट्र झाडे संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, आणि ती मागणारा अर्ज तुमचा असेल तर तुमचंच नाव त्यावर राहतं, हे ध्यानात असू द्या.

दिव्यांबाबत लोक हमखास हायमास्ट मागतात. उंचावरचा झगझगीत दिवा झाडाच्या शेंड्यावर पडतो आणि बुंध्याशी गडद सावली पाडतो. म्हणजे चोराची सोय होते आणि झाडावर झोपलेल्या पाखरांची झोप मोडते. त्यापेक्षा वाटेच्या कडेनं कमी उंचीचे, खाली तोंड केलेले, पिवळसर दिवे मागा. बगीचा बंद झाल्यावर फाटकाजवळचे सोडून बाकी बंद ठेवायला सांगा.

वाळका पाला जाळू देऊ नका. खड्डा करून कुजवायला सांगा, फक्त तो खड्डा खेळण्यांपासून लांब हवा, कारण कुजणारा ढीग उबदार असतो आणि साप त्यात येऊन बसतात.

४. कुत्रे, वानर आणि आपलं पुण्य

‘कुत्रे उचलून न्या’ हा अर्ज परत येतो. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणं निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झाल्यावर कुत्रा त्याच भागात परत सोडायचा असतो. त्यामुळं मागणी अशी करा : या बगीच्याच्या आसपास इतके कुत्रे आहेत, त्यांपैकी इतक्यांच्या कानाला खाच नाही, त्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण व्हावं. कानाची खाच म्हणजे शस्त्रक्रिया झाल्याची खूण. ती मोजून लिहिलेला अर्ज अधिकाऱ्याला बाजूला ठेवता येत नाही.

खाऊ घालण्यावरून वाद असतात आणि ते मिटण्यातले नाहीत, पण जागेवर तोडगा निघतो. याच नियमांत खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्या-जाण्याच्या वाटांपासून दूर असावी असं म्हटलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही वॉर्डनिहाय जागा ठरवून द्यायला सांगितलं. तेव्हा कुत्र्यांना पोळ्या घालणाऱ्या काकूंशी भांडू नका. झोनकडून जागा ठरवून घ्या आणि तीच काकूंना दाखवा. बहुतेकदा त्याच काकूंना प्रत्येक कुत्र्याची कुळकथा ठाऊक असते, मोजणीत त्यांची मदत घ्या.

कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची, मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत. हळद, मिरची, चुना काहीही लावायचं नाही. ही ओळ बगीच्याच्या पाटीवर लिहून घेता आली तर फार बरं.

वानरांचंही तेच. शनिवारी केळी घालणाऱ्यांमुळं वानरं रविवारी लेकरांच्या हातातला डबा हिसकतात. केळी बंद झाली की काही आठवड्यांत त्यांचं येणं कमी होतं. पक्ष्यांसाठी पाण्याची मातीची भांडी जरूर ठेवा, पण दर दोन दिवसांनी ती घासून पाणी बदला, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होते.

५. साप निघाला तर

पावसाळ्यात निघणारच. ज्या शहराची नदीच नाग, तिथं याचं नवल नको. बगीच्यात दिसणारे बरेच साप धामण, दिवड, कवड्या असे बिनविषारी असतात. नाग, मण्यार आणि घोणस हे मात्र जिवावर बेतणारे. कवड्या आणि मण्यार यांच्यात भले भले फसतात, तेव्हा ओळखण्याच्या फंदात पडू नका. लोकांना मागं सरकवा, एकानं लांबून नजर ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. वनविभागाकडं नोंद असलेल्या सर्पमित्राचा नंबर माळ्याजवळ आधीच असला पाहिजे. साप मारणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. साप गळ्यात घालून फोटो काढणारा तरुण आला तर तो सर्पमित्र नव्हे, त्याला परत पाठवा.

साप चावला तर आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. हातातलं घड्याळ, बांगड्या काढा, तो अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि जे वाहन आधी मिळेल त्यानं दवाखान्यात न्या. मण्यार चावल्याचं कित्येकदा दुखतही नाही. पापण्या जड होऊ लागल्या तर ती झोप समजू नका.

साप येऊच नयेत असं वाटत असेल तर मागणी झुडपांची नाही, उंदरांची करा. बिळं बुजवणं, मलबा उचलणं, डबे रोज रिकामे करणं. जिथं घुशी तिथं नाग.

आग्या मोहोळाला धूर करायचा नाही, दगड तर अजिबात नाही. त्या झाडाखालची वाट दोरीनं बंद करा, पाटी लावा. ऋतू बदलला की या माश्या बहुधा पोळं सोडून निघून जातात. वाट बंद करता येणार नसेल तर ते काम जाणकारांकडून, तेही संध्याकाळनंतर.

६. बिबट दिसल्याची आवई

२०२१ च्या उन्हाळ्यात गायत्रीनगर भागात बिबट दिसला तेव्हा व्हॉट्सॲपवर तो एकाच वेळी चार मोहल्ल्यांत फिरत होता. गोरेवाडा, फुटाळा, अंबाझरी या हिरव्या पट्ट्याच्या कडेला राहणाऱ्यांनी हे अशक्य मानू नये आणि रोजचंही मानू नये. ठसा दिसला तर त्याशेजारी पेन ठेवून फोटो काढा, १९२६ ला कळवा, बगीचा बंद ठेवा. गर्दी करू नका. शहरात आलेला बिबट लपायला जागा शोधत असतो, आणि चहूबाजूंनी माणसं उभी राहिली की तो त्यांच्यातूनच वाट काढतो. एक साखळी लक्षात घ्या : कचऱ्यावर कुत्रे जमतात, कुत्र्यांवर बिबट येतो. पट्ट्याच्या कडेच्या बगीच्यात भरलेला डबा हा वनविभागाचाही विषय आहे.

७. संक्रांतीनंतरचा मांजा

हा फक्त आपल्या शहराचा धडा नाही, पण आपल्याकडं तो जास्त गिरवावा लागतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी जानेवारीत प्रत्येक झाडाला तो लटकलेला असतो. पुढं कित्येक महिने घुबडं, बगळे, वटवाघळं त्यात अडकतात, आणि सायकलवरच्या पोराचा गळाही. संक्रांत झाल्याच्या पहिल्या रविवारी लेआउटमधली पोट्टी गोळा करा, लांब बांबूला आकडा लावून हाताला येईल तेवढा मांजा काढा, कापून पिशवीत भरा. उंचावरचा काढायला उद्यान विभागाकडं शिडीची गाडी मागा. विजेच्या तारेवरचा मांजा ओढू नका. अडकलेल्या पक्ष्याला ओढून सोडवलं तर पंख तुटतो. दोरा दोन्हीकडून कापा, पक्षी खोक्यात ठेवा आणि सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला, म्हणजे जखमी वन्यजीवांच्या दवाखान्यात, न्या. पाणी पाजायचा मोह आवरा. उन्हाळ्यात घरट्यातून पडलेल्या धडधाकट पिल्लाला मात्र दवाखाना नको, जवळच्या फांदीवर ठेवून बाजूला व्हा, आईबाप येतात.

८. अर्ज लिहिणं आणि पाठपुरावा

एक काम, एक अर्ज. उदाहरणार्थ : ‘अमुक लेआउटमधील बगीच्यात पश्चिमेच्या पायवाटेवरील खांब ३, ४ व ७ यांचे दिवे बंद आहेत. खांब ४ च्या तळाशी तारा उघड्या आहेत. नकाशा व फोटो सोबत.’ खाली आठ-दहा सह्या, त्यात बायकांच्या आणि रोज येणाऱ्या आजोबांच्या असू द्या. कार्यालयात प्रत्यक्ष द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. आवक क्रमांकाशिवाय दिलेला अर्ज दिला नाही असंच समजा.

महिनाभरात हालचाल नाही झाली तर माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. ‘काम का झालं नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा : या बगीच्याच्या देखभालीच्या कराराची प्रत, खेळणी शेवटची तपासल्याचा अहवाल, आमच्या आवक क्रमांकावर झालेले शेरे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

करार हाती आला की ठेक्याची मुदत कधी संपते ते आधी पाहा. त्याच्या दोन-तीन महिने आधी उद्यान विभागात गेलात तर नव्या निविदेत ‘छाटणी नोव्हेंबर ते जानेवारी’, ‘पाला जाळणे मनाई’, ‘कचरा रोज उचलणे’ या ओळी घालून घेण्याचा आग्रह धरता येतो. निविदा निघाल्यावर गेलात तर नव्या ठेक्याची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं.