युद्धाचं सरकारी ब्रीफिंग ऐकायचं कसं

वहीच्या पानावर चार रकाने आखा. वेळ, बोलणारा, त्याचे नेमके शब्द आणि सोबत दाखवलेला पुरावा. चॅनेलवरचं 'सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार' या पानावर घ्यायचं नाही.

आधी पीआयबीवरचं, म्हणजे सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं, मूळ प्रसिद्धिपत्रक काढा, कारण टिकरवर येईपर्यंत अटी गळून पडतात. 7 मे 2025 च्या पहाटे ऑपरेशन सिंदूरचं पत्रक आलं, त्यात हल्ला 9 ठिकाणी झाल्याचं होतंच, पण पाकिस्तानच्या लष्करी तळांना हात लावलेला नाही हेही स्पष्ट लिहिलं होतं. हे वाक्य आपल्यापेक्षा इस्लामाबादसाठी जास्त होतं. प्रत्येक वाक्य कुणाला उद्देशून आहे, ते समासात लिहा.

मग दावे वेगळे करा. ठिकाण आणि पडझड उपग्रहाच्या छायाचित्रांत तपासता येते. मृतांचा आकडा सगळ्यांत कच्चा. दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी लिहा, सरासरी काढू नका.

वेळेचा रकाना आळस न करता भरा. 10 मे रोजी शस्त्रसंधीची बातमी आधी ट्रम्प यांच्या पोस्टमधून आली, परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री नंतर बोलले. त्यांनी मात्र मिनिटं दिली. पाकिस्तानच्या डीजीएमओंचा (लष्करी कारवायांचे महासंचालक) फोन दुपारी 3:35 ला आणि कारवाई थांबणार संध्याकाळी 5 पासून. असं वाक्य पडताळता येतं, विशेषणांनी भरलेलं येत नाही.

खरा माल प्रश्नोत्तरांत असतो. 11 मे च्या ब्रीफिंगमध्ये आपली विमानं पडली का, असं विचारल्यावर एअर मार्शल ए. के. भारती म्हणाले की लढाईत नुकसान होतंच आणि आपले सगळे वैमानिक परत आलेत. यात 'हो' नाही, पण 'नाही'ही नाही. अशा जागी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा. 31 मे रोजी सिंगापूरमध्ये तेव्हाचे सीडीएस (तिन्ही दलांचे प्रमुख) अनिल चौहान यांनी विमानं गमावल्याचं मान्य केलं. सहा विमानं पाडल्याचा पाकिस्तानचा दावा त्यांनी खोडला, पण स्वतः आकडा दिला नाही. म्हणजे प्रश्नचिन्ह अर्धंच पुसायचं.

प्रत्येक मौन लपवाछपवी नसतं. 26/11 ला मुंबईतलं थेट प्रक्षेपण पाहून पलीकडचे सूत्रधार अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. म्हणून केबल टीव्ही नियमांनुसार दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत ती लाइव्ह दाखवता येत नाही, नेमलेल्या अधिकाऱ्याचं ब्रीफिंग तेवढं दाखवायचं. बंदी लाइव्ह चित्रांवर आहे. प्रश्न विचारण्यावर नाही, हे आपली चॅनेलं सोयीने विसरतात.

पीआयबी फॅक्ट चेक जुना किंवा दुसऱ्याच देशातला व्हिडिओ पकडायला कामाचं. सरकारचाच दावा तपासायला ते वापरू नका, ती सरकारचीच शाखा आहे.

महिन्याभराने तेच पान पुन्हा उघडा. पेन्सिलीच्या खुणांपुढे काय भरता येतं आणि काय अजून रिकामं आहे, ते तारखेसह नोंदवा.