ओहायोत शिकणाऱ्या आपल्या पोरांसाठी: टेबल आणि मोर्चाची तयारी

न्यूमन सेंटरमधली, म्हणजे विद्यापीठाजवळच्या कॅथलिक विद्यार्थी केंद्रातली, रविवारची मिस्सा झाली, कॉफी घेता घेता कोणीतरी वही पुढे केली आणि तू प्रो-लाइफ, म्हणजे गर्भपाताला विरोध करणाऱ्या, गटात नाव घातलंस. छान. आता ऑक्टोबरात कॅम्पसवर गटाचं माहितीचं टेबल लागेल, कारण इथल्या कॅथलिक ख्रिस्तसभेत तो महिना जीवनाच्या सन्मानाचा मानतात. मग जानेवारीत ‘मार्च फॉर लाइफ’ या मोर्चासाठी वॉशिंग्टनची बस. वसईहून आलेला असो की नगरकडचा प्रोटेस्टंट असो, तयारी सारखीच.

आधी जागा. सरकारी विद्यापीठाला भाषणस्वातंत्र्याची पहिली घटनादुरुस्ती पाळावी लागते, खासगी कॉलेज स्वतःचे नियम लावू शकतं. त्यामुळे दुसऱ्या कॉलेजातल्या मित्राचा सल्ला इथे चालेलच असं नाही. ओहायोत २०२० च्या कायद्याने सरकारी विद्यापीठांचा मोकळा परिसर बोलण्यासाठी खुला ठरवला आहे. तरी टेबल, तंबू, स्पीकर यांची नोंदणी आधी करून ठेवायची आणि मंजुरीचा मेल छापून टेबलावर चिकटवायचा. ‘इथे बसायला कोणी सांगितलं?’ असं विचारत कोणी आलं तर हुज्जत घालायची नाही, कागदाकडे बोट दाखवायचं.

एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा, व्हिसा असेल तर इंटरनॅशनल ऑफिसात एकदा बोलून घे. शांतपणे फलक धरणं वेगळं आणि पोलिसांनी हटायला सांगितल्यावर रस्त्यात बसून राहणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात अमेरिकन मित्र संध्याकाळी सुटून येईल, तुझं मात्र व्हिसाचं लचांड मागे लागेल.

मग पत्रकं. खोकं आलं की प्रत्येक पत्रक स्वतः वाचायचं आणि खटकेल ते सरळ बाजूला काढायचं. गर्भपातामुळे स्तनाचा कॅन्सर होतो असं अजूनही कुठे कुठे छापलेलं सापडतं. नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने २००३ मध्ये तज्ज्ञ बोलावून हा प्रश्न तपासला आणि तसा संबंध नसल्याचा निष्कर्ष निघाला. बायोलॉजीच्या मुलीने टेबलाशी उभं राहून हे दाखवून दिलं, तर त्यानंतर आपण बोललेलं खरंही कोणी ऐकत नाही. रक्ताळलेल्या फोटोंचे मोठे फलकही नकोत. त्यांच्या बाजूने युक्तिवाद करणारे गटात भेटतीलच, पण ते पाहून माणूस थांबत नाही, वळसा घालून जातो.

त्याऐवजी एक साधी फाइल बनवायची; माझ्या मते टेबलावरची सगळ्यात कामाची वस्तू तीच. पहिल्या पानावर टायटल नाइन, शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा कायदा: गरोदर विद्यार्थिनीला काढून टाकता येत नाही, वैद्यकीय कारणाने बुडलेले वर्ग माफ करावे लागतात, रजेवरून परतल्यावर तिची आधीची जागा द्यावी लागते. त्याखाली आपल्याच विद्यापीठातल्या टायटल नाइन ऑफिसची खोली, फोन आणि वेळ. दुसऱ्या पानावर विक, म्हणजे आई आणि लहान मुलांच्या पोषणाची सरकारी योजना, जवळचं पाळणाघर, समुपदेशन केंद्र. नंबर छापण्याआधी प्रत्येकावर फोन लावून बघायचा. बंद नंबर घेऊन गेलेली मुलगी पुन्हा विचारायला येत नाही.

दोन्ही खुर्च्या टेबलाच्या एकाच बाजूला मांडायच्या. जिने स्वतः गर्भपात केला आहे अशी कोणीतरी कधी ना कधी येऊन उभी राहतेच, कधी चिडलेली, कधी नुसतीच गप्प. पाठ केलेले मुद्दे तेव्हा खिशात ठेवायचे. तिला बसायला सांगायचं, ऐकायचं, तिने विचारलं तरच बोलायचं. फोटो, व्हिडिओ अजिबात नाही. अशा वेळी टेबलाशी एक तरी मुलगी हवी, म्हणून पाळ्या लावताना नुसती पोरं बसवू नकोस.

‘तुमच्या इंडियात काय आहे?’ हा प्रश्न तुला हमखास येणार. १९७१ पासून ठरावीक अटींवर गर्भपात कायदेशीर आहे, २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत गेली, आणि गर्भलिंगनिदानावर देशभर बंदी आहे. त्याबाबतचा पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला, हेही सांग. ओहायोचा प्रश्नही येईल: नोव्हेंबर २०२३ च्या मतदानात सुमारे ५७ टक्के लोकांनी गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घातला. आपण हरलो. ते टाळून बोलायचं नाही. समोर उभा असलेला बहुतेक त्या ५७ मधलाच असतो.

वॉशिंग्टनची तयारी त्या मानाने सोपी. गर्भपात देशभर कायदेशीर करणारा सुप्रीम कोर्टाचा रो विरुद्ध वेड निकाल २२ जानेवारी १९७३ चा, त्याच्या पहिल्या वर्षदिनी नेली ग्रे यांनी हा मार्च सुरू केला. २०२२ मध्ये निकाल रद्द झाला तरी मार्च चालूच आहे. नॅशनल मॉलवर सभा, मग कॅपिटल (संसद भवन) आणि सुप्रीम कोर्टाच्या दिशेने चालणं. कोर्टासमोरच्या फुटपाथवर फलक धरता येतो, पायऱ्यांवर आणि आतल्या चौकात नाही. फलकाला काठी लावू नकोस, गळ्यात अडकवायची दोरी लाव.

थर्मल, लोकरीचे मोजे दोन जोड, कानटोपी. वसईच्या थंडीचा अंदाज इथे कामाचा नाही, सभेत तासन् तास एका जागी उभं राहायचं असतं. पॉवर बँक, सुका खाऊ, पासपोर्ट आणि आय-९४ ची (देशात प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रत, मेट्रोचं कार्ड, बस कुठे उभी राहणार ते कागदावर लिहिलेलं, कारण गर्दीत फोनला रेंज मिळेलच असं नाही. मार्च शुक्रवारी असतो. प्राध्यापकांना आदल्या आठवड्यातच मेल टाक आणि शुक्रवारची लॅब कधी भरून काढता येईल ते विचार. ही गैरहजेरी आपोआप माफ होत नाही.