डिसेंबरात पहाटे सायकलवर साताऱ्याचा यवतेश्वर घाट चढायचाय? मग हे वाचा

थंडी घाट चढताना नाही, उतरताना मारते. पोवई नाक्यावरनं सहाला निघताना स्वेटर, जॅकेट, मफलर असा सगळा जामानिमा केला की दुसऱ्या-तिसऱ्या वळणालाच आतनं चिंब होता, आणि मग तोच ओला बनियन उतारावर बर्फासारखा पाठीला चिकटतो. पहिल्या वर्षी माझं हेच झालेलं, खाली येईपर्यंत दात वाजत होते.

म्हणून पहिलं काम, सुती बनियन घरी ठेवा, तो घाम धरून ठेवतो. अंगालगत ड्रायफिट टीशर्ट, त्यावर पातळ फुल बाह्यांचा, आणि विंडचीटर घडी करून खिशात. दारातनं निघताना थोडं गारठलेलंच बरं, दहा मिनिटं पेडल मारलं की अंग तापतं.

वर पोचलात की चहा सांगायच्या आधी विंडचीटर चढवा. आणि आत छातीवर जुन्या पेपरची चार पानं सरकवा, हसू नका, युरोपातले जुने रेसर डोंगर उतरताना हेच करायचे. कागदाच्या थरांत हवा अडकते, वारा आत शिरत नाही आणि घामपण टिपला जातो. हवा १० अंश असली आणि स्पीड ४० गेला तर अंगाला ती ६ अंशांसारखी लागते, कागदाची किंमत तेव्हा कळते.

बोटं बधिर झाली तर ब्रेक वेळेवर लागत नाही, हे सगळ्यात डेंजर. लोकरीच्या हातमोज्यांतनं वारा जातो, आत पातळ प्लॅस्टिकचे हातमोजे घाला. पायात मोज्यांचे दोन जोड कोंबू नका, बूट आवळला की रक्त नीट फिरत नाही, पाय उलट गार पडतात.

घरी आल्यावर आधी ओले कपडे बदला, चहा नंतर. फरशी पाय गोठवते, तिथं सतरंजी टाका, आणि झोपताना एक वाकळ अंगावर घेता तशी एक खालीपण अंथरा. दुपारी ऊन आत येऊ द्या, दिवस मावळायच्या आत खिडक्या लावून घ्या.

पण कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात नको. तिच्यातनं कार्बन मोनॉक्साइड निघतो, वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. शेकायचंच असेल तर अंगणात, आणि जानेवारीत कुणाच्या रानात हुरड्याची आगटी पेटली असेल तर सायकल सरळ तिकडंच वळवा.